मैदान गावाचं, पावतीही गावाची



भाताची झोडणी आटोपली, की आमच्या कर्जत-खालापूर भागातली मैदानं जागी होतात. रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने रंगतात. माघात महडच्या वरदविनायकाला गर्दी लोटते, चैत्रात गावोगावी जत्रा भरतात, आणि पाऊस उतरणीला लागला की गणपती-नवरात्राचे मंडप उभे राहतात. अशा कार्यक्रमामागे एक साधा कागद असावा लागतो, परवानगीचा. पैसे भरले असतील तर पावतीही असावी लागते. आज मी या दोन कागदांविषयी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका ठाकरवाडीतली मुलं माझ्याकडे आली. जवळच्या मोठ्या गावातल्या मैदानावर त्यांना दोन दिवसांचे कबड्डीचे सामने भरवायचे होते. कार्यालयात त्यांना सांगितलं, पाच हजार भरा. शेजारच्या गावच्या संघाने पूर्वी दोन हजार भरले होते, असं मुलांच्या कानावर होतं. मोलमजुरी करणारी पोरं ती. पाच हजार म्हणजे पहिल्या बक्षिसाचीच रक्कम. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "गुरुजी, पैसे द्यायला आमची ना नाही. पण नक्की किती द्यायचे, ते तरी कळू दे."

मी तापलो. लगेच माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला: "गरीब मुलांकडून मनमानी रक्कम का घेता?" उत्तर आलं, पण त्यात काहीच नव्हतं. नंतर कायदा नीट वाचला, तेव्हा चूक माझीच होती हे ध्यानात आलं. माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. आपल्या राज्यात तर त्याच्या आधीच स्वतःचा कायदा होता. पण हा कायदा आपल्याला दप्तरातला कागद मिळवून देतो. अधिकाऱ्याच्या मनातलं कारण मिळवून देत नाही. 'का?' असं विचारलं की वाद होतो. 'नोंद द्या' असं म्हटलं की कागद येतो.

मग दुसरा अर्ज केला. त्यात चारच गोष्टी मागितल्या. मागच्या तीन वर्षांत सार्वजनिक मैदान व रस्ता वापरण्यासाठी दिलेल्या परवानग्यांच्या नोंदवहीची प्रत, शुल्काचं दरपत्रक, ते दर ज्या ठरावाने ठरले त्या ठरावाची प्रत, आणि जमा रकमांच्या पावत्यांच्या प्रती. सव्विसाव्या दिवशी पत्र आलं. एकवीस पानं होती, बेचाळीस रुपये भरले आणि कागद हाती पडले.

कागद वाचले आणि माझा राग पार उतरला. मैदानाचं भाडं दिवसाला पाचशे. दोन दिवसांचे झाले हजार. उरलेले चार हजार अनामत! मैदान झाडून परत दिलं की परत मिळणारी. शेजारच्या संघाने भरलेले दोन हजार जुन्या दराने होते, ठराव त्यानंतरचा. म्हणजे खोटं कोणीच बोललं नव्हतं. फक्त पुरतं कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही पुरतं विचारलं नव्हतं.

नोंदवहीच्या शेवटच्या रकान्याचं नाव होतं, 'अनामत परत केल्याचा दिनांक'. तो रकाना पानामागून पान कोरा होता. अनामत परत मागायची असते, हे कुठल्याच मंडळाला ठाऊक नव्हतं. आणखी एक गोष्ट सांगतो, जरा संकोचानेच. ज्या उत्सव मंडळाचा मी सल्लागार, त्याच्या मंडपाची एका वर्षी नोंदच नव्हती. आम्ही परवानगी घेतलीच नव्हती! दुसऱ्याचा हिशेब मागायला गेलो आणि स्वतःचं दप्तर उघडं पडलं. त्या वर्षापासून आमचा अर्ज वेळेवर जातो.

वाडीतल्या मुलांनी सामने भरवले, मैदान झाडलं, अर्ज दिला आणि चार हजार परत घेतले. ते पाहून इतर मंडळांनीही अर्ज केले. ज्यांनी पावती जपली होती, त्यांना पैसे मिळाले. ज्यांनी हरवली होती, ते हेलपाटे घालून थकले.

आता हे करायचं कसं? अर्जाचा नमुना 'जोडपत्र अ'. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा किंवा रोख भरायचे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना दाखला जोडला तर शुल्क माफ. प्रतीचे पानाला दोन रुपये. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचं बंधन नाही. राज्याच्या २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय आणि सर्वसाधारणपणे दीडशे शब्द, म्हणून मोजकं लिहा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मुदत टळली तर माहिती विनाशुल्क द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच यंत्रणेतल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील. तिथेही भागलं नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आपल्या रायगडसाठी ते आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे जातं.

अर्ज कुठे करायचा, यातही गोंधळ होतो. कर्जत, खोपोली, माथेरान इथे नगरपरिषद, खालापुरात नगरपंचायत, बाकी गावांत ग्रामपंचायत. ध्वनिक्षेपकाच्या आणि मिरवणुकीच्या परवानगीसाठी पोलीस ठाणं. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर कागद त्यांच्याकडे. चुकून दुसरीकडे अर्ज दिलात, तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं हे त्यांचं काम आहे. ग्रामपंचायतीकडे मागताना नेमकं लिहा: सर्वसाधारण पावती नमुना ७ वर असते, कर व फीची पावती नमुना १० वर, आणि जमा-खर्च नमुना ५ च्या रोकडवहीत. नाव घेऊन मागितलेला कागद लवकर सापडतो.

प्रती नको असतील तर दप्तर समक्ष पाहता येतं. पहिला तास विनाशुल्क असतो. जाताना शिसपेन्सिल न्या, कारण नियमाप्रमाणे पेन बाहेर ठेवावं लागतं. शिवाय जिल्हास्तरावरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा निर्णय राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला होता.

एक पथ्य मात्र पाळा. आयोजकाचा फोन नंबर, घरचा पत्ता मागू नका. वैयक्तिक माहितीला या कायद्यात आधीपासून संरक्षण आहे, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते आणखी कडक झालं आहे. आपल्याला हवा आहे दर, दिनांक, जागा आणि रक्कम. माणूस नको आहे.

कोणी म्हणेल, सणासुदीच्या कामात एवढी चिकित्सा कशाला? ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ आणि २०१६ मध्ये जे आदेश दिले, त्यांत रस्ता अडवणारे मंडप आणि ध्वनिप्रदूषण या दोन्हींचा विचार झाला. उत्सवाचा आनंद आपला असला, तरी रस्ता सगळ्यांचा असतो. आमच्याकडे आता फार्महाऊसही पुष्कळ झाली. शनिवारी रात्री डोंगराला धडकून परत येणारा आवाज सगळ्या वाडीला जागवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो वाजवता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. अशा वेळी भांडायला जाण्यापेक्षा, त्या तारखेला परवानगी दिली होती का, एवढं विचारणारा अर्ज जास्त कामाचा.

शेवटी एकच सांगतो. याच कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक कार्यालयाने आपण होऊन काय प्रसिद्ध करायचं, याची यादी दिली आहे. त्या यादीत परवाने मिळालेल्यांचा तपशीलही आहे. म्हणजे खरं तर आम्हाला अर्ज करावाच लागू नये. दरपत्रक फळ्यावर, नोंदवही टेबलावर, आणि 'अनामत परत मिळेल' ही ओळ पावतीवरच छापलेली असावी. हे होईपर्यंत दहा रुपयांचा स्टॅम्प आहेच. आमच्या ग्रामसभेत आता मुलंच उठून विचारतात, "दर फळ्यावर लागले का?" आणि पावती मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला खोचून ठेवतात.