नकाशा द्या, उत्तर देऊ नका

मी निवृत्त फौजी, मुक्काम बनारस. नातीनं मला भूमिका-खेळाच्या नादी लावलं. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४चा, त्याचं 'ड्रॅगन' मासिक १९७६चं. पण १९८६ साली 'डंजन' निघालं, त्यात भर होता तयार मोहिमांवर. शनिवारी अंक हातात, रविवारी खेळ! मराठीत असं मासिक कुणी काढलं, तर वाचकाला आधी हेच हवं.

फौजेत आम्ही वाळूच्या नकाशावर लढाया लढायचो. शेवटी वरिष्ठांचं ठरलेलं उत्तर यायचंच. त्याच सवयीनं मी पंचगंगा घाटावरच्या पुराची मोहीम लिहिली, सुटकेची वाट एकच.

"आजोबा, मग आम्ही कशाला बसलोय?" म्हणाली, आणि दोन रविवार फिरकली नाही. घर खायला उठलं हो.

मग कागदावर एवढंच ठेवलं: घाटाचा नकाशा, दर तासाला किती पायऱ्या बुडतात, नावाड्याला काय हवंय, घर न सोडणारी एक म्हातारी. शेवट कोरा.

काल नातीनं म्हातारीची म्हैसच होडीत चढवली. होडी कलंडली. पुढचं रविवारी पाच वाजता.