उशाखालचें पिस्तूल

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. निर्मनुष्य अरण्यांत तंबू ठोकून राहतांना आत्मरक्षणासाठीं जवळ बंदूक बाळगावी कीं नाहीं, हा तो विषय. सारा जन्म शाळेंत भूगोल आणि गणित शिकविण्यांत घालविलेल्या माणसाचा ह्या प्रश्नाशीं काय संबंध, असें कोणी विचारील तर तें रास्तच होईल. मीं आयुष्यांत एकदांहि गोळी झाडलेली नाहीं. परंतु आतां आपल्यासारख्या घरांतील मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, आणि आईबाप, काका, मामा चार-सहा महिने तिकडे राहून येतात. सुटी आली कीं मुलें ह्या वडीलधाऱ्यांना रानांत घेऊन जातात, आणि तेथें हा प्रश्न अकस्मात् पुढें उभा राहतो. माझ्यापुढें तो असाच उभा राहिला.

बंदुकीचा मला तिटकारा आहे असें मात्र कोणी समजूं नये. कोंकणांत आमच्या शेजारच्या घरीं ओटीवरील खुंटीला ठासणीची बंदूक टांगलेली असे. रानडुकरें भातांत शिरूं लागलीं म्हणजे शेजारचे दादा ती खालीं काढीत, दारू ठासीत आणि शेतांतल्या माळ्यावर जाऊन बसत. तिला सरकारी परवाना होता, तिचें काम ठरलेलें होतें, आणि भात घरांत आलें कीं ती पुनः खुंटीवर जाई. आम्हां पोरांपैकीं कोणी तिला बोट लावलें तर पाठींत धपाटा बसे. बंदूक म्हटली कीं माझ्या डोळ्यांपुढें अद्याप ती खुंटीच येते.

माझा पुतण्या मोंटाना राज्यांत राहतो. तो आतां तेथील नागरिकहि झाला आहे. दोन वर्षांपूर्वीं सप्टेंबर महिन्यांत तो, सूनबाई, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि मी असे चौघे यलोस्टोन उद्यानाच्या उत्तरेस असलेल्या राष्ट्रीय अरण्यांत तीन रात्रीं राहिलों. राष्ट्रीय उद्यान निराळें आणि राष्ट्रीय अरण्य निराळें, हें तेथें गेल्यावर मला कळलें. उद्यानांत नेमलेल्या जागीं, नोंद करून राहावें लागतें. अरण्याच्या आणि इतर सरकारी जमिनीच्या बऱ्याच भागांत मात्र कोणीहि जावें, वाटेल तेथें तंबू ठोकावा, आणि साधारणपणें एका जागीं चौदा दिवसांपर्यंत राहावें. बहुधा भाडेंहि पडत नाहीं. अशी जमीन किती असावी? वनखात्याकडे सुमारें १९ कोटि ३० लक्ष एकर आणि भूमिव्यवस्थापन खात्याकडे सुमारें २४ कोटि ५० लक्ष एकर. दोन्ही मिळून आपल्या महाराष्ट्राच्या पांचपटींहून अधिक झाली! तेथें धर्मशाळा नाहीं, पहारेकरी नाहीं, आणि मोबाइल फोन हातांत असून नसल्यासारखा.

सामान बांधतांना पुतण्यानें कपाटांतून एक पिस्तूल काढलें. सूनबाईंच्या कपाळाला आठी पडली. मींहि विचारलें, "हें कशाला रे?" तो म्हणाला, "काका, तिथं हांक मारली तर ऐकायला कोण आहे? पोलीस यायचे म्हटले तरी दोन तास लागतील. तोंवर ह्या पोरीला मी काय सांगूं?" ह्यावर मला उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर अजूनहि पुरतें सुचलेलें नाहीं. बापाच्या तोंडचा तो प्रश्न होता. त्यांत मिजास नव्हती, काळजी होती.

कायद्याची आडकाठी नव्हतीच. आपल्याकडे ही गोष्ट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आधींच मिटविली आहे. लेखी परवानगीवांचून अभयारण्यांत कोणतेंहि शस्त्र नेतां येत नाहीं. मात्र जीव वाचवितांना शुद्ध हेतूनें जनावर मारलें गेलें तर तो गुन्हा धरीत नाहींत. अमेरिकेंतील राष्ट्रीय अरण्यांत शिकार चालते, म्हणून तेथें बंदूकहि पूर्वींपासून चालते. मोंटानांत २०२१ पासून, ज्याला कायद्यानें बंदी नाहीं अशा सज्ञान माणसास शस्त्र अंगावर लपवून बाळगण्यासाठीं परवानाहि लागत नाहीं. उद्यानांत मात्र पूर्वीं बंदूक रिकामी करून बांधून ठेवावी लागे. २००९ च्या मे महिन्यांत क्रेडिट कार्डांविषयींच्या एका कायद्याला शेपटासारखें एक कलम जोडण्यांत आलें, आणि २२ फेब्रुवारी २०१० पासून ज्या राज्यांत उद्यान, त्या राज्याचा शस्त्राचा नियम उद्यानांत लागू झाला. सावकारीच्या व्याजाचा आणि अस्वलाचा संबंध काय, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं. बाळगण्याची मुभा मिळाली तरी यलोस्टोनमध्यें तें झाडण्याची मुभा मिळालेली नाहीं, हीहि त्यांतील एक गंमत.

पहिल्या रात्रीं थंडी कडाक्याची होती. दोन तंबू होते. मोठ्यांत तीं तिघें आणि लहानांत मी. पुतण्यानें भरलेलें पिस्तूल उशाखालीं ठेवलें. रात्रीं दोनच्या सुमारास मला बाहेर जावें लागलें; माझ्या वयाच्या श्रोत्यांना कारण सांगावयास नको. नात जागी होईल म्हणून विजेरी न लावतां, अनवाणी, चोरपावलांनीं मी गेलों. परततांना वाट किंचित् चुकली आणि पाय मोठ्या तंबूच्या तणाव्यांत अडकला. तंबू गदगदां हालला आणि मी कोलमडलों तो त्याच्या कापडावरच. आंतून कोणी ओरडलें नाहीं, कोणी कांहीं विचारलें नाहीं. फक्त धातूचा एक बारीक आवाज झाला. त्याच क्षणीं ठेंचाळलेल्या अंगठ्याची कळ मस्तकांत गेली आणि माझ्या तोंडून निघालें, "आई गं!"

अस्वल 'आई गं' म्हणत नाहीं, एवढ्यावर मी वांचलों. पुतण्या बाहेर आला तेव्हां पिस्तुलाचें तोंड जमिनीकडे होतें. पण त्याचा हात इतका कांपत होता कीं त्यांतील गोळ्या काढतांना दोन खालीं गवतांत पडल्या. त्या आम्हीं विजेरीच्या उजेडांत शोधल्या. कापडाच्या अलीकडून तें पिस्तूल त्यानें कोणत्या उंचीवर रोखलें होतें, हें मीं त्याला विचारलें नाहीं, आणि त्यानेंहि आजवर सांगितलेलें नाहीं. नात गाढ झोंपेंत होती.

ह्यांत त्या मुलाचा दोष मला दिसत नाहीं. काळोख्या रात्रीं, झोंपेंतून दचकून उठलेला माणूस कापडापलीकडच्या सावलीला अस्वल समजणार नाहीं तर काय काका समजणार? दिवसां शंभर वेळां नेम धरून शिकलेली विद्या अशा वेळीं कितपत उपयोगीं पडते, हाच खरा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अर्ध्या मैलावर उतरलेला एक म्हातारा शिकारी कॉफीसाठीं आमच्याकडे आला. तो एल्क नांवाच्या मोठ्या हरिणाच्या शिकारीस आलेला होता, तेव्हां बंदूक त्याच्यापाशीं होतीच. पण कमरेला एक डबाहि होता. तो मिरचीचा फवारा. आपल्या लवंगी मिरचीला जें द्रव्य तिखट करतें, तेंच त्यांत असतें. चाप दाबला कीं पंचवीस-तीस फुटांपर्यंत त्याचा ढग पसरतो. रात्रींची हकीकत ऐकून तो हंसला नाहीं. उलट बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला कीं, ग्रिझली अस्वल धांवून येतें तेव्हां ताशीं पस्तीस मैलांनीं येतें. गणिताच्या शिक्षकाला हिशेब केल्यावांचून चैन पडत नाहीं. ताशीं पस्तीस मैल म्हणजे सेकंदाला सुमारें एक्कावन्न फूट. नव्वद फुटांवर झुडपांतून अस्वल निघालें तर आपल्यापाशीं दोन सेकंदहि नाहींत. तेवढ्यांत पिस्तूल काढून, खालीं-वर होणाऱ्या मस्तकावर नेम धरावयाचा. ढगाला असा बारीक नेम लागत नाहीं, हाच त्याचा मोठा गुण.

घरीं परतल्यावर मीं ह्या विषयावरील संशोधन वाचलें. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं अलास्कांतील प्रसंगांचा दोनदां अभ्यास केला. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत फवाऱ्याचे १९८५ ते २००६ पर्यंतचे ८३ प्रसंग आहेत. तपकिरी अस्वल शेंकडा ९२ वेळां थांबलें, आणि फवारा बाळगणाऱ्यांपैकीं शेंकडा ९८ माणसांना इजा झाली नाहीं. २०१२ च्या निबंधांत १८८३ ते २००९ पर्यंतचे बंदुकीचे २६९ प्रसंग तपासले आहेत. त्यांत पिस्तूल शेंकडा ८४ आणि लांब नळीची बंदूक शेंकडा ७६ वेळां यशस्वी ठरली. आतां, ९८ आणि ८४ शेजारीं मांडून निकाल देणाऱ्या विद्यार्थ्याला मीं गुण दिले नसते. दोन्हीकडचे प्रसंग सारखे नाहींत. फवाऱ्याच्या कित्येक प्रसंगांत अस्वल नुसतें कुतूहलानें जवळ आलेलें होतें. मला महत्त्वाचें वाटलें तें दुसऱ्याच निबंधांतील एक वाक्य: बंदूक जवळ असणाऱ्यांनीं ती चालविली काय आणि न चालविली काय, जखमी होण्याचें प्रमाण तेंच राहिलें. बंदूक निरुपयोगी आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. परंतु उशाखालीं ती असली म्हणजे रात्र निर्धास्त झाली, ही समजूत मात्र टिकत नाहीं.

फवाऱ्याचेहि नियम आहेत. वारा उलटा असेल तर तो आपल्याच डोळ्यांत येतो. डांसांच्या मलमाप्रमाणें तो अंगाला किंवा तंबूला लावावयाचा नसतो. आणि विमानांतून तो नेतां येत नाहीं, तेव्हां तेथेंच विकत घ्यावा लागतो.

पण श्रोतेहो, त्या म्हाताऱ्यानें जातांना एक प्रश्न विचारला आणि माझी मान खालीं गेली. "खाण्याचे पदार्थ कोठें ठेवले आहेत?" पुतण्यानें सारी शिदोरी नियमाप्रमाणें तंबूंपासून शंभर यार्डांवर मोटारींत, अस्वलाला न उघडणाऱ्या पेटींत ठेविली होती. मोटार नसेल तेथें ती झाडाला जमिनीपासून दहा फूट उंच आणि खोडापासून चार फूट दूर टांगावयाची असते. दांत घांसण्याची पेस्ट, साबणसुद्धां! मीं मात्र माझ्या उशाखालून एक डबा काढून दिला. त्यांत घरून आणलेले डिंकाचे लाडू होते. पहाटे भूक लागते म्हणून मीं ते कोणास न सांगतां जवळ ठेविले होते. तुपांत तळलेला डिंक आणि खोबरें! अस्वलाचें नाक किती तीक्ष्ण असतें हें मीं वर्गांत मुलांना शिकविलें होतें. पुतण्याच्या उशाखालचें पिस्तूल मीं सर्वांना बोलून दाखविलें. माझ्या उशाखालच्या डब्याविषयीं ब्र काढला नव्हता.

अस्वल तंबूकडे येतें तें बहुधा वासानें. यलोस्टोनमध्यें एके काळीं उपाहारगृहांचा कचरा उघड्यावर टाकीत, आणि तो खाणारीं अस्वलें पाहावयास प्रेक्षकांसाठीं बांकें मांडीत. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलीं तीं अस्वलें पुढें माणसांवरच येऊं लागलीं. १९७० च्या सुमारास कचऱ्याचे शेवटचे खड्डे बंद झाले. त्या उद्यानांत १८७२ पासून २०१५ पर्यंत अस्वलांनीं मारलेलीं माणसें आठ. पाण्यांत बुडून आणि उकळत्या कुंडांत पडून मेलेलीं त्याहून कितीतरी अधिक. कुंडावर पिस्तूल चालत नाहीं.

बंदूक अवश्य न्यावी अशी ठिकाणेंहि आहेत, हें सांगितलें पाहिजे. नॉर्वेच्या ताब्यांतील स्वालबार्ड बेटांवर वस्तीबाहेर पडणाऱ्यानें पांढऱ्या अस्वलाला पळवून लावण्याचें साधन बरोबर घेतलेंच पाहिजे असा नियम आहे, आणि बंदूकहि न्यावी असा सल्ला देतात. तेथें झाड नाहीं, आडोसा नाहीं, आणि तें अस्वल माणसाला भक्ष्य समजून पाठलाग करूं शकतें.

कित्येक जण म्हणतात कीं, आम्हांला भय जनावराचें नसून माणसाचें आहे. एकटीदुकटी स्त्री असें म्हणाली तर तिला उपदेश करण्याचा अधिकार मला पोंचत नाहीं. माझ्या पुतण्यानें पोलिसांची गोष्ट काढली तेव्हां त्याच्या मनांत हेंहि असावें. मोटारीची किल्ली हाताशीं असणें, संशय येतांच मुक्काम हालविणें, आपण कोठें आहोंत हें घरीं कोणास तरी कळविलेलें असणें, हे उपाय बरे. पण ते पुरे पडतीलच असें मी छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं.

उरलेल्या दोन रात्रीं पिस्तूल रिकामें करून मोटारींत कुलपांत गेलें आणि लाडू शिदोरीच्या पेटींत. प्रत्येक तंबूच्या दारापाशीं फवाऱ्याचा एकेक डबा आला. हे डबे पुतण्याच्या सामानांत पहिल्यापासूनच होते, पण पिस्तुलाच्या भरवशावर ते तळाशीं राहून गेले होते. सूनबाईंनीं एक नियम माझ्यासाठीं खास घातला. रात्रीं बाहेर पडतांना मीं विजेरी लावावयाची आणि मोठ्यानें सांगावयाचें, "मी काका, बाहेर चाललों आहें." तिसऱ्या रात्रीं मीं तसें ओरडून सांगितलें, तेव्हां मोठ्या तंबूंतून अर्धवट झोंपेंत नातीचा आवाज आला, "आजोबा, ऐकलं हो, कितीदा सांगाल!"