लेकरू घास घेत नसेल तर



वावरात मूग पिकतो, ज्वारी पिकते. पण घरातलं लेकरू घासच घेत नसेल तर? रोप सुकलं की आपण त्याला दटावत नाही, मूळ तपासतो. लेकरालाही "हट्टी" म्हणून आडवं पाडून, नाक दाबून पाजू नका. दूध श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

भरवण्याची रीत अशी :

१) मांडीवर ताठ बसवा. मान मागे जाऊ देऊ नका.

२) ६ महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या घट्टसर घोटून द्या. वर चमचाभर तेल. पातळ पेजेनं पोट भरतं, अंग भरत नाही.

३) बाटली नको, वाटी-चमचा घ्या. पहिला घास गिळल्यावरच दुसरा.

हे डोळ्यांनी पाहायचं तर बाजारभाव पाहता तोच मोबाईल कामी येतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने स्तनपान व बाळाच्या आहारावर मराठी चित्रफिती केल्या आहेत. अंगणवाडीताईंसोबत पाहा, आजीला आणि वडिलांनाही बसवा.

मात्र दर घासाला ठसका, नाकातून दूध येणे, वजन न वाढणे, ६ महिने होऊनही मान न धरणे, यांवर चित्रफीत पुरत नाही. टाळू फाटलेली असेल, गिळण्याचे स्नायू कमजोर असतील. अंगणवाडीत तपासणीचे पथक येईपर्यंत थांबू नका. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय किंवा अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय गाठा. पेरणी चार दिवस पुढे गेली तरी चालेल.