मेसचं बिल आणि परीक्षेचा निकाल
फी माफ झाली तरी पोट आणि भाड्याची खोली माफ होत नाही. गावाकडून पुण्या-मुंबईत शिकायला आलेली मुलं अनेकदा इथंच अडतात. संध्याकाळी कुठंतरी काम, रात्री उशिरा जेवण आणि सकाळच्या तासाला दांडी! मग विषय मागे राहतो.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. या महानगरांत तिची वार्षिक रक्कम 60,000 रुपये ठरली : भोजनाला 32,000, निवासाला 20,000, निर्वाहाला 8,000. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा ताटासाठी, आणि ते योग्यच! मात्र हप्ता परीक्षा उरकल्यावर जमा झाला, तर त्यातून उधारी फिटते. बुडालेले तास भरून निघत नाहीत.