नवजात शिशूंचा पक्षाघात : एक राहून गेलेली नोंद

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसलेला मी एक व्यापारी आहे. तरीही आज हा विषय निवडला, त्यास एक घरगुती कारण आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पाच-सहा महिन्यांचा असताना खुळखुळा केवळ उजव्या हाताने घेई. डावी मूठ मिटलेलीच असे. बाळ आतापासूनच उजवे आहे, असे म्हणून आम्ही कौतुक केले. पुढे चालताना त्याचा डावा पाय ओढू लागला, तेव्हा कौतुकाची जागा कुजबुजीने घेतली. गरोदरपणी हिने ग्रहणात विळीवर भाजी चिरली, असे बोलले जाऊ लागले. बहीण खाली मान घालून ऐकत असे. मी तिचा थोरला भाऊ. परंतु मीही तिची बाजू घेतली नाही. भाचा विशीत आल्यावर त्याच्या मेंदूचा एमआरआय झाला, तेव्हा जन्माच्या सुमारासच त्याला पक्षाघात होऊन गेला होता, हे कळले.

पक्षाघात म्हणजे वार्धक्याचा आजार, अशी आपली समजूत असते. वास्तविक, जन्मापूर्वी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतही मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकू शकते. काही शिशूंना त्यामुळे आकडी येते. अनेक बाळे मात्र निरोगी दिसतात आणि त्यांचा एक हात मागे पडतो आहे, हे काही महिन्यांनी ध्यानात येते.

या बालकांसाठी कॅनडातील कॅलगरी येथील बालमज्जाविकारतज्ज्ञ डॉ. अ‍ॅडम कर्टन यांनी मोलाचे कार्य केले आहे. अल्बर्टा प्रांतातील अशा मुलांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचा प्रकल्प त्यांनी उभा केला. पूर्वी साधारणतः २,३०० ते ५,००० जन्मांमागे एक शिशू, असा अंदाज केला जाई. २०२० मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेले प्रमाण सुमारे १,१०० जन्मांमागे एक असे निघाले. आम्हा व्यापाऱ्यांना यातील मर्म चटकन उमगते. जी रक्कम खतावणीत चढत नाही, तिचा ताळेबंदात पत्ता नसतो. माझा भाचाही असाच न चढलेल्या रकमांपैकी एक होता.

नोंदीपाशी ते थांबले नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका चाचणीत ६ ते १९ वर्षे वयाची ४५ मुले होती. दोन आठवडे सर्वांकडून दुर्बळ हाताचा कसून सराव करून घेण्यात आला. काहींचा सशक्त हात बांधून ठेवला, काहींच्या मेंदूला बाहेरून चुंबकीय स्पंदने दिली, तर काहींना दोन्ही उपचार मिळाले. केवळ सराव केलेल्यांपेक्षा या मुलांत लक्षणीय सुधारणेची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. जन्मतः इजा झालेला मेंदूही शिकू शकतो, हा केवढा दिलासा!

परंतु मला सर्वांत भिडले ते निराळेच. या गटाने मातापित्यांच्या मनातील अपराधभावाचाही अभ्यास केला. बहुतेक वेळा या आघाताचे नेमके कारण सापडत नाही. मात्र आईने काही केल्यामुळे वा न केल्यामुळे तो झाला, असे मानण्यास आधार नाही. हे मी बहिणीला वाचून दाखविले. ती एवढेच म्हणाली, "दादा, सासूबाई हयात असत्या, तर त्यांनाही हे ऐकवले असते."

मी मात्र हयात आहे. म्हणून तिची क्षमा मी तिच्यापाशी मागितली आणि आज या सभेसमोरही मागतो.

आपणा सर्वांना माझी एक विनंती आहे. वर्षाच्या आतील बाळ एकच हात वापरत असेल, तर कौतुक करीत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. आणि त्या घरातील कोणी आईला बोल लावू लागले, तर निदान आपण तरी गप्प राहू नये.