आवाजाचें वजन

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत आज कारखान्यांची घरघर रात्रंदिवस चालते. पण याच गांवांतून पूर्वीं पहाटे ऐकूं येणारी जात्याची घरघर जवळजवळ थांबली आहे. जात्याबरोबर ओवीही मुकी होऊं लागली. पुण्याचे संशोधक हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं १९८० नंतरच्या दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांपैकीं कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या. आज महाळुंगे-निघोज्याचा एखादा नातूही आजीची ओवी फोनवर मुद्रित करतो, मधला खोकला कापून टाकतो, आणि अखेरीस यंत्र त्याला विचारतें: बिटरेट किती ठेवावयाचा?

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या आवाजासाठीं खर्च होणाऱ्या बिटांची संख्या. तिला एकूण सेकंदांनीं गुणून आठांनीं भागिलें कीं फाइलचा आकार बाइटांत मिळतो. सीडीच्या दर्जांत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्यास १६ बिट, व असे दोन प्रवाह; म्हणजे सुमारें १,४११ किलोबिट. या हिशेबानें एका तासाचे सुमारें ६३५ मेगाबाइट होतात. तोच तास १२८ किलोबिटांच्या एमपी३ फाइलींत ५७.६ मेगाबाइटांत मावतो, तर ३२ किलोबिटांत अवघ्या १४.४ मेगाबाइटांत.

ही बचत फुकट होत नाहीं. मोठ्या आवाजाआड दडलेला बारीक आवाज कानाला जाणवत नाहीं. एमपी३ची पद्धति नेमके असे ध्वनि गाळते. बिट पुरेसे असले तर गाळलेलें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. ते अपुरे पडले, कीं ऐकूं येणाऱ्या ध्वनींवरही कात्री चालते. त्यांतून जात्याची घरघर मोठी खर्चिक. तींत एक ठराविक सूर नसून बारीक-जाड सर्व ध्वनींची खरखर असते. तिच्यापायीं बिट संपले, म्हणजे 'स' आणि 'श' यांच्या कडा बोथट होतात व ओवी पाण्याखालून आल्यासारखी वाटते.

आणि पिठाचा पुन्हा दाणा होत नाहीं. ३२ किलोबिटांची फाइल मागाहून ३२० नें साठविली तर ती दहापट मोठी होईल. गेलेला आवाज परतणार नाहीं. एमपी३ फाइल उघडून, कापून, पुन्हा एमपी३ करणें म्हणजे दर खेपेस थोडें अधिक गमावणें होय.

यास्तव मूळ प्रत वेव्ह स्वरूपांत अथवा फ्लॅक स्वरूपांत ठेवावी. फ्लॅकमध्यें कांहींही न गमावतां आकार बहुधा निम्म्याच्या आसपास येतो. कापाकापी नेहमीं मूळ प्रतीच्या नकलेवर करावी, आणि नातलगांना पाठविण्यापुरती एमपी३ निराळी काढावी: नुसत्या बोलण्यास एका प्रवाहांत ६४ किलोबिट चालतात; जात्यासह गाण्यास १२८ हून कमी नसावेत.

नखाएवढ्या ६४ गिगाबाइटांच्या कार्डांत सीडीच्या दर्जाचे सुमारें शंभर तास मावतात. जागा आणखी विकत मिळेल. आजीचा तो आवाज मिळणार नाहीं.