सांधा बदलल्यानंतरचे दिवस
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बीड येथे केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. तरी घरावर आलेल्या एका प्रसंगाने जे शिकविले, ते आपल्या कानी घालणे आम्ही कर्तव्य समजतो.

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा एक गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला व २००१ साली दुसरा. आज ही शस्त्रक्रिया सामान्य कुटुंबांतही होते. शेतात आणि उसाच्या फडात आयुष्य घालविलेल्या आपल्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांना तिने पुन्हा चालते केले आहे. परंतु शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे सारे संपले, अशी जी समजूत आहे ती घातक होय.

आमच्या मातोश्रींचा गुडघा बदलला. घरी येताना महिनाभर घ्यावयाच्या गोळ्या मिळाल्या. एके दिवशी दात घासताना हिरडीतून थोडे रक्त आले. 'रक्त पातळ करणारे औषध ते, बंद करा,' असे कोणी सुचविले आणि आम्ही डॉक्टरांना न विचारता ते बंद केले. पुढे आठवड्याभरात त्यांची पोटरी सुजून टणक झाली. आम्ही तेलाची वाटी हाती घेऊन चोळावयास बसणार, तोच शेजारच्या परिचारिका मुलीने आमचा हात धरला. सोनोग्राफीत पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली. ईश्वरकृपेने मातोश्री बऱ्या झाल्या. दोष मात्र सर्वस्वी आमचा होता.

असे का होते? जखमेवर रक्त गोठते म्हणून माणूस जगतो. पण शस्त्रक्रियेनंतर गोठण्याची ही शक्ती वाढलेली असते, पाय निश्चल असतो आणि शिरांतील रक्त मंदावते. मग नको तेथे गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर क्षणार्धात प्राणावर बेतते. प्रतिबंधक उपाय न केल्यास, तपासणीत सुमारे निम्म्या रुग्णांच्या शिरांत अशा गुठळ्या आढळत. पुष्कळांना त्यांचा पत्ताही लागत नसे. म्हणूनच गोळ्या किंवा इंजेक्शने साधारणतः दहा ते चौदा दिवस व पुष्कळदा, विशेषतः खुबा बदलल्यास, पस्तीस दिवसांपर्यंत देतात.

तराजूचे दुसरे पारडेही विसरून चालणार नाही. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातील द्रव्याच्या शोधातून पुढे वॉरफरीन निघाले. ते प्रथम उंदरांचे विष म्हणून विकले गेले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले. विष आणि औषध यांत अंतर मात्रेचे, ते असे! गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी अथवा कोणी सांगितलेला काढा परस्पर घेऊ नये; त्याने रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारासाठी आधीपासून रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ते शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे.

माताभगिनींनी ही लक्षणे ध्यानी धरावीत. एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, ऊन लागली, तर ती चोळू नये. त्याच दिवशी दाखवावी. एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली वा खोकल्यातून रक्त पडले, तर १०८ क्रमांकास फोन करावा. जखमेतून रक्त वाहत राहिले, शौच डांबरासारखे काळे झाले वा डोक्यास मार लागला, तरीही विलंब करू नये. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईस १९७४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे, याचे स्मरण असावे.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या दिवसापासून पाऊल हलवावे, आधाराने चालावे. पुण्या-मुंबईहून घरी येताना वाटेत गाडी थांबवून चार पावले टाकावीत. आणि औषधाविषयी शंका आली, तर ती शेजाऱ्यास नव्हे, डॉक्टरांस विचारावी.

आमची चूक आपल्या घरी न घडो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.